अडतीसचा कुर्ता

२९ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ५.४०

...आणि हेच मी बाबांना मूर्तिजापूरपर्यंत समजावत आलो, पण ते नुसतं हूं हूं करत गाडी चालवत होते. मुद्दा सिम्पल आहे. ही ट्रीटमेंट नाही, सुट्टी आहे. ऑफिसने सहा महिने लीव्ह दिली. पुण्यात माझ्या टीममध्ये सलग चार दिवस कोणाला मिळत नाहीत, मॅनेजरला स्वतःच्या लग्नाला तीन मिळाले होते. मला सहा महिने. अमरावतीला, घरी, आईच्या हातचं, वर सीताफळांचा सीझन. त्याच्या बदल्यात काय, तर दर पंधरा दिवसांनी एक सोमवार अकोल्याला जाऊन खुर्चीत बसायचं आणि सलाईन लावून घ्यायची. शाळेत आम्ही दिवाळीच्या सुट्टीला ऑटम ब्रेक म्हणायचो. या डायरीचं नाव तेच.

डायरी कोणी वाचणार नाही, त्यामुळे इथे सगळं खरं लिहायचं. फक्त कॅन्सर हा शब्द लिहायचा नाही. (आत्ता लिहिला तो मोजायचा नाही.)

अकोला ही माझी आयडिया. अमरावतीतही हे सगळं होतं, पण इथे केलं असतं तर दोन तासांत राजापेठ ते साईनगर बातमी. अकोल्यात आपल्याला कोण ओळखतं? परफेक्ट प्लॅन. पहिल्याच दिवशी बाजूच्या खुर्चीवर अमरावतीचा माणूस निघाला. गयासुद्दीन चाचा. इतवाऱ्यात टेलरिंगचं दुकान. तेही मोहल्ल्याला कळू नये म्हणूनच अकोल्याला येतात. दोघांनी एकमेकांना कोणाला न सांगायची शपथ घातली. आता आमच्याच गाडीतून येतात. ते खुर्ची नंबर चार, मी पाच.

आज चौथा डोस. सिस्टर आरतीने सलाईन लावायच्या आधी चाचांनी खिशातून टेप काढली. नाप घ्यायची, कापडाची, पिवळी. दुसऱ्यांच्या खिशात तंबाखूचा खर्रा असतो तशी यांच्या खिशात टेप. म्हणे, उभा राय बेटा, तुया दिवाळीचा कुर्ता शिवतो. मी म्हटलं छाती अडतीस. टेप म्हणाली छत्तीस. मी म्हटलं चाचा, चष्मा बदला. ते हसले, मग खोकले, बराच वेळ खोकले, आणि माझ्या ब्लड रिपोर्टच्या मागे लिहिलं, अडतीस. आरती सिस्टर म्हणाली, काहून चाचा, टेप तं छत्तीस सांगून राहिली. चाचा म्हणे, छत्तीस हा याच्या सुट्टीचा नाप हाये बेटी. कपडा कोणी सुट्टीपुरता शिवते का?

म्हणजे ऑफिशियली अडतीस. नोंद.

चाचांची नस आज चौथ्या वेळी सापडली. येताना गाडीत झोपले, तोंड उघडं. इतवाऱ्यात त्यांचा मुलगा साजिद खाली उभाच होता, त्याने काखेत धरून वर नेलं. इतका वेळ बसून पाय अवघडतात माणसाचे. टेप माझ्याच गळ्यात राहिली. मी खिडकीतून ओरडलो, तर मान न वळवता म्हणाले, राहू दे, पुढच्या येळी दे, दुकानात अजून तीन हायेत.

३० सप्टेंबर, मंगळवार

एकही उलटी नाही. (दोन झाल्या, पण त्या पोह्यांच्या.)

सुट्टीचा प्लॅन फायनल. दोस्त श्यामसोबत स्कूटरने परतवाडामार्गे चिखलदरा. कोजागिरीला गच्चीवर मी दूध आटवणार, पूर्ण कॉलनी इन्व्हाइट. गिटार, महिन्यात तीन गाणी. आणि पाडव्याला नवा कुर्ता घालून कॉलनीत एक पूर्ण राउंड, चालत.

तोंडात लोखंडी चव. पाणी पण लोखंडी. आपल्या टाकीत आयर्न जास्त असणार, बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बघतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

टकलाचा प्रश्न मी मागच्याच महिन्यात एका मिनिटात सोडवला होता. तिरुपती. फ्रेंड्ससोबत गेलो, केस दिले, विषय संपला. आई म्हणाली, आन भुवया काहून देल्या म्हणायचं? म्हटलं आई, भुवयांकडे कोण बघते.

पण समोरच्या लीलाकाकू सोनं द्यायला आल्या आणि प्रसाद मागितला. म्हणे, तिरुपतीले गेला आन लाडू नाही आणला होय रे? मी म्हटलं आणला ना, आत आहे, काढून ठेवतो. त्या घरोघर सोनं देऊन परत येईपर्यंत आईने बेसन भाजलं, लाडू वळले, काजू खुपसले, खायचा कापूर घातला. हात भाजला तिचा. लीलाकाकूंनी दोन्ही हातांनी घेतला, डोळ्याला लावला, खाल्ला. माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणे, अगदी तिथल्यासारखा हाये व माय.

एक नंबर. काहीच कळलं नाही त्यांना.

नंतर दोघी किचनमध्ये गेल्या. आई डोळे पुसत बाहेर आली. कांदा. नवरात्रात आमच्याकडे कांदा चिरत नाहीत, पण नऊ दिवस तर झालेत.

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ४

चिखलदरा ट्रिपची ट्रायल घेतली. स्कूटर डबल स्टँडवरून निघाली नाही. स्टँड जाम झालाय, दोन महिने वापर नाही म्हणजे होणारच. पाच मिनिटं ढकललं, मग तिथेच पायरीवर बसलो. गियर, टायर वगैरे चेक केले, बसल्या बसल्या. श्याम आला, त्याने एका हाताने काढली. मी आधी ढिली करून ठेवली होती म्हणून.

त्याला म्हटलं नेक्स्ट वीक. तो म्हणे, हाओ, घाई कायची हाये, डोंगर कुठं जाते. आणि मला धरून घरात आणलं. धरायची गरज नव्हती.

चाचांच्या टेपने छाती मोजली. साडेपस्तीस. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, मग इंच मोठा होतो आणि माणूस कमी भरतो. बेसिक मॅथ्स. चाचांना सांगायला पाहिजे, गिऱ्हाइकांचे सगळे नाप चुकत असतील.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी १०

काल कोजागिरी सक्सेसफुल. दूध मीच आटवणार होतो. गॅसपाशी दोन मिनिटं उभा राहिलो, मग ढवळायचं काम आईला डेलिगेट केलं. सव्वासातला पाच मिनिटं आडवा झालो. उठलो तर सकाळ.

झोपेत भुलाबाईच्या पोरी ऐकू आल्या. दरवर्षी येतात, गाणी म्हणतात, मग झाकलेला डबा खुळखुळ वाजवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. समोरच्या खुशीने डबा हातातही न घेता ओळखलं म्हणे. तिरुपतीचा लाडू, आजून किती दिवस! आईने बारा दिवस पुरतील एवढे वळून ठेवलेत, कोणी विचारलं तर असावेत म्हणून.

आज सकाळी चाचांचा व्हॉइस मेसेज. बेटा, कटिंग झाली. कॉलर बोल. बंद गळा का साधी. पाडव्याच्या आत देतो. मागे मशीनचा आवाज नाही. दोन शब्दांच्या मधे नुसता श्वास. नेटवर्क खराब आहे इतवाऱ्यात.

मी लिहिलं, बंद गळा चाचा, एकदम कडक. दोन टिका, ग्रे. बघतील निवांत.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ६

आईबाबा दुपारी बाजारात गेले. चार तास. आईने फिकी साडी नेसली होती, तिच्याकडे दिवाळीच्या बाजाराला जायच्या इतक्या चांगल्या साड्या आहेत. चार तासांनी आले तर हातात एक पिशवी नाही. सेलमध्ये गर्दी असेल. बाबांनी आल्या आल्या आंघोळ केली आणि माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. म्हटलं काय? म्हणे काही नाही, पंखा लावू का?

पंखा लागलेलाच होता.

जेवताना आईने मला तीनदा वाढलं. मी एकदाही संपवलं नव्हतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

पस्तीस. टेप फारच ताणली.

खिळ्याला लटकवून ठेवली आहे, सोमवारी आठवणीने परत द्यायची. पंखा बंद केला तरी हलते. क्रॉस व्हेंटिलेशन. आमच्या घराचं हे चांगलं आहे.

चाचांनी कॉलरचा मेसेज अजून बघितला नाही. लास्ट सीन ७ ऑक्टोबर. दिवाळीच्या आधी टेलर लोकांना मान वर करायला वेळ नसतो, आपण समजून घ्यायला पाहिजे.

१३ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ६.१५

पाचवा डोस. टेप गुंडाळून वरच्या खिशात घेतली, चाचांसाठी आईच्या झाडाची दोन सीताफळं. गाडी इतवाऱ्याकडे वळलीच नाही. म्हटलं बाबा, चाचा राहिले. बाबा म्हणे, थे डायरेक्ट येतीन. किती वाजता? डायरेक्ट येतीन. बाबांनी रेडिओ पण लावला नाही. दोन्ही बाजूला सोयाबीन निघालेलं, थ्रेशरचा भुसा रस्त्यावर येत होता, त्यांनी डोळ्यात गेला म्हणून बोरगावला गाडी थांबवली. काच बंद होती.

चार नंबर रिकामी. सिस्टर आरती त्या खुर्चीवरची चादर घडी करत होती. तीच चादर, चार वेळा उलगडली आणि चार वेळा घडी केली. विचारलं, चाचा? म्हणाली, तारीख बदलली त्यांची. म्हटलं कोणती मिळाली? ती म्हणाली, हात द्या. पहिल्याच वेळी नस सापडली माझी, तिने खूप वेळ बोट ठेवलं त्यावर.

दुपारपर्यंत बाहेर बाकड्यावर लोक बसून होते, तरी चारवर कोणाला बसवलं नाही. रिझर्व्ह्ड. चाचांचा दबदबा आहे वॉर्डात.

गंमत म्हणजे त्या खुर्चीच्या रेक्झिनवर खोलगट ठसा आहे. पूर्ण माणसाचा शेप, पाठ, कोपर. मी दोन तास बघत होतो. ते लाल औषध चढताना बघायला दुसरं काही नसतं.

डॉक्टर मॅडम आल्या. मानेची गाठ अर्ध्याहून जास्त बसली. त्या खूष. बाबांनी मॅडमच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. मी म्हटलं मॅडम, बाजूच्या चाचांना पण हेच औषध आहे ना, मग त्यांचीही बसली असेल. त्या म्हणाल्या, प्रत्येकाचं वेगळं असतं. मला माहीत आहे वेगळं असतं. पण खुर्च्या शेजारी होत्या.

ही बातमी चाचांना सगळ्यात आधी सांगायची. सीताफळं परत आली. टेप पण.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी ११ ला चाचांना फोन. त्यांची मुलगी नगमाने उचलला. मी म्हटलं अंकुर बोलतोय, चाचांना द्या, गुड न्यूज आहे. ती म्हणाली, भाईजान, अब्बू सो रहे हैं.

दुपारी ४ ला परत. अब्बू सो रहे हैं.

संध्याकाळी ७. उचलल्यावर मी काही बोलायच्या आधीच, सो रहे हैं भाईजान.

मस्त. बॉडी रिकव्हर होते ती झोपेतच. मला तर स्टेरॉइडमुळे झोप येत नाही, मला त्यांचा हेवा वाटला. आईला सांगितलं, चाचा दिवसभर झोपतात, लकी आहेत. आई चकलीचं पीठ मळत होती. मळायची थांबली. मग परत मळायला लागली, इतकं जोरात की परात ओट्यावरून सरकली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी १२.३५

निळ्या टिका!!

चाचांनी मेसेज बघितला. ऑनलाइन. मी स्क्रीन सोडली नाही. टायपिंग आलं. गेलं. परत आलं. तीन मिनिटं चाचा टाइप करत होते, मग लास्ट सीन. काही आलं नाही.

तरी काय, माणूस टाइप करतोय म्हणजे उठून बसलाय. बोटं चालतात. चष्मा सापडलाय. मी ओरडत किचनमध्ये गेलो, आई, चाचा ऑनलाइन आले! आईच्या हातून झारा तेलात पडला. बाबा बाहेरून धावत आले. म्हटलं एवढं घाबरायला काय झालं? चांगली न्यूज आहे. बाबांनी फोन हातात घेतला, बघितला, आणि मला परत देताना माझा हात धरून ठेवला. बाबा असं कधी करत नाहीत. गाठ बसल्यापासून सेंटी झालेत.

१९ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ३.२०

साडेचौतीस. ही टेप आता टाकूनच द्यावी लागेल. पण चाचांची आहे.

दुपारी तीनला घर एकदम गप्प होतं. आईबाबा झोपतात, ऊन असं की समोरच्या भिंतीकडे बघवत नाही. तेव्हा कातरीचा आवाज येतो. कच, कच, मग थांबतो, जसा कोणी कापड सरळ करतोय, मग कच. चार दिवसांपासून. लीलाकाकूंच्या बकऱ्या काहीतरी चघळत असतील. लीलाकाकूंनी बकऱ्या मागच्या वर्षी विकल्या. मग मेंदीचं कुंपण कापत असतील कोणी.

काल बाबांसोबत गाडीतून पणत्या आणायला गेलो. गांधी चौकात चाचा दिसले, पाठमोरे. तोच चॉकलेटी स्वेटर, एवढ्या उन्हात. मी काच खाली करून हाका मारल्या. वळले तर दुसरेच. त्या माणसाने पण मला हात केला, बिचारा. बाबा म्हणाले, काच लाव, धूळ येते.

त्यांना नजरेने नाप घ्यायची सवय आहे, चाचांना. पहिल्या दिवशी म्हणाले होते, डॉक्टरीणबाईचा डावा खांदा अर्धा इंच खाली हाये, कोणी सांगतलं नसन तिले. तेव्हापासून मला प्रत्येकाचे खांदे दिसतात. बाबांचे दोन्ही खाली आलेत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन, दुपारी १

लीलाकाकू फराळ घेऊन आल्या. दोन डबे. एक घरच्यांचा, एक माझा. माझ्यातल्या चकलीत तिखट नाही, शेव मऊ, चिवडा नाहीच. म्हणे, तोंड आलं असंन ना तुयं, टोचन.

मी म्हटलं माझं तोंड का येईल काकू?

त्या म्हणाल्या, आता पुरे कर बावा.

आरती सिस्टर लीलाकाकूंची भाची आहे. सख्ख्या बहिणीची. अकोल्यात नोकरीला. म्हणजे पहिल्या डोसच्या दिवशी, १८ ऑगस्टला, मी मूर्तिजापूर ओलांडून घरी यायच्या आधी कॉलनीला माहीत होतं. सगळ्यांना. दूधवाल्याला. श्यामला. भुलाबाईच्या पोरींना. म्हटलं मग तुम्ही तो लाडू डोळ्याला का लावला? म्हणे, तुया मायनं हात भाजून केला होता, लावू नको तं काय करू? म्हटलं आणि कोणी बोललं का नाही? म्हणे, तूच तं नवस केल्यासारखा लपवून राहिला होता. मंग आमीबी लपवलं.

ठीक आहे. थोडा शॉक. पण पॉझिटिव्ह साइड बघू. आरती सिस्टर घरच्याच निघाल्या म्हणजे चाचांची नवी तारीख लगेच कळेल. म्हटलं काकू, विचारा ना फोन करून. लीलाकाकूंनी माझ्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. म्हणे, सण होऊ दे, मंग इचारते.

मी आईकडे बघितलं. आई रांगोळीचे रंग निवडत होती. सगळे पांढरेच निवडले होते तिने.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सकाळी साडेदहाला साजिद आणि नगमा आले. मी कॉलनीत राउंड मारायला म्हणून चपला घालून पायरीवर बसलो होतो. नगमाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. कुर्ता. बंद गळा.

मी म्हटलं चाचा कुठे? स्वतः नाही आले? आणि चाची?

नगमा म्हणाली, अम्मी नहीं निकल सकतीं अभी. इद्दत में बैठी हैं.

इद्दत म्हणजे काय ते मला माहीत आहे. नवरा गेल्यावर बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही. शाळेत माझ्या बेंचवरच्या मुलाची आई बसली होती. तरी मी फोन काढून गूगल केलं. तेच आलं. दुसरा अर्थ असेल म्हणून खालपर्यंत स्क्रोल केलं.

साजिद म्हणाला, आठ तारीख, पहाटे फजरच्या नमाजच्या वक्ताले. ताप चढला तो उतरलाच नाही. मंगळवारी सकाळी कटिंग करून ठेवली होती. बसून केली, मी कापड धरलं. मला म्हणे, कॉलरचा जबाब आला की बंद गळा शिवजो, त्याले बंदच पाह्यजे असन. जबाब आला तवा आमी फोन पाहण्यासारखे नोतो. मंग शुक्रवारी नगमानं पाह्यला.

म्हणजे निळ्या टिका. म्हणजे टायपिंग. मी नगमाला विचारलं, तू काय लिहीत होतीस तीन मिनिटं? ती म्हणाली, वही तो, क्या लिखूँ.

मग म्हणाली, भाईजान, आपकी अम्मी नऊ तारखेले आली होती घरी. खूप रडली. म्हणे, दिवाळीपर्यंत अंकुरले सांगू नका, त्याचा डोस हाये सोमवारी. मैंने झूठ नहीं बोला आपसे. सो रहे हैं, इसके सिवा क्या बोलती?

मशीनवर साजिद बसला, त्याचं मोबाईलचं दुकान आहे, त्याला शिवण येत नाही. हातशिलाई चाचीने केली. एक बाही दुसरीपेक्षा जरा मोठी आहे. चाचांना चाललं नसतं.

मी टेप आणून साजिदसमोर धरली. तो दोन पावलं मागे सरकला. म्हणे, अब्बूनं तुले देली होती, तूच ठेव.

राउंड मारला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११

सगळं खरं लिहायचं म्हटलं होतं. तर दोन उलट्या नव्हत्या, सात. पाण्यात आयर्न नाही. स्कूटर जाम नव्हती. गिटारची पिशवी उघडली नाही. उद्या सहावा डोस, आणि कॅन्सर आहे. कॉलनीला माहीत आहे, आता डायरीला पण माहीत.

काल कपाटातून शाळेचा कंपास काढला. स्टीलची सहा इंचाची पट्टी होती त्यात. टेप जमिनीवर सरळ ठेवली, एका टोकाला बाबांनी बोट ठेवलं, आणि पट्टी पुढे पुढे सरकवत मोजली. सहा. बारा. अठरा. साठपर्यंत गेलो. कुठेही एक रेघ सुद्धा इकडची तिकडे नाही. बाबा म्हणाले, चांगली टेप हाये. मी म्हटलं, हो.

कुर्ता घालून बघितला. चाचांनी अडतीस म्हणजे अडतीसच कापला आहे. मी साडेचौतीस. आरशात मी कुर्त्याच्या आत कुठेतरी उभा होतो. उलटा करून बघितला तर बगलेच्या शिलाईत आत अजून दीड बोट कापड सोडलेलं, पुढे लागलं तर काढायला. त्यावर निळ्या खडूने त्यांच्या अक्षरात ३८, आणि खाली छोटा बाण, बाहेरच्या बाजूला. म्हणजे चाचांना वाटत होतं मी अडतीसच्याही पुढे जाईन. स्वतःला बसवत नव्हतं तेव्हा बसून हे करून ठेवलं.

धुतला तर खडू जाईल, म्हणून धुवायला देत नाही.

आई म्हणते, राजापेठच्या टेलरकडून आत घेऊन टाक, तासाभराचं काम, नाहीतर लोक म्हणतील बापाचा घातला. बाबा म्हणतात राहू दे. लीलाकाकू म्हणतात कपाटात ठेव, अंग भरलं की घाल. श्यामला विचारलं तर तो बाथरूममध्ये गेला आणि वीस मिनिटं आलाच नाही.

आज दुपारी तीनला कातरीचा आवाज येतो का ते बघणार आहे. आला तर आला. आता बकऱ्यांवर ढकलायचं नाही.

उद्या चार नंबरवर कोणीतरी नवं असेल. सिस्टर किती दिवस खुर्ची रिकामी ठेवेल. तो माणूस घाबरलेला असणार, पहिल्यांदा येणारे सगळे असतात. टेप खिशात घेऊन जातोय. नाप घेता येत नाही मला, पण बोलायला काहीतरी लागतं.

डायरी कोणी वाचणार नाही असं मीच लिहिलं होतं. पण चाचांना पाठवलेलं पण शेवटी कोणीतरी वाचलंच. तर असशील कोणी, तर खरं सांग. उद्या हा कुर्ता असाच, साडेतीन इंच ढिला, घालून पाच नंबरवर बसू, का आत घेऊन टाकू? तुले काय वाटते?